टॅपेट कव्हरचं नवं पॅकिंग टाकलं, तरी ऑइल का गळतं?

शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई हे घोड आणि कुकडी या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यातलं गाव. या पट्ट्याला स्थानिक लोक ‘बेट भाग’ म्हणतात. पाणी आहे म्हणून ऊस आहे, कांदा आहे, आणि ते शेतातून बाहेर काढायला घराघरात ट्रॅक्टर नाहीतर पिकअप आहे. कांद्याची गाडी मंचर, शिरूर किंवा चाकणच्या बाजारात वेळेत पोहोचली तर ठीक, नाहीतर लिलाव चुकतो. उसाची वाहतूक सुरू झाली की ट्रॅक्टरला दिवसाची सुट्टीही परवडत नाही.

अशा वेळी बॉनेट उघडल्यावर इंजिनच्या वरच्या झाकणाखालून ऑइलचा काळा ओघळ दिसतो. गॅरेजवाला म्हणतो, “टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय.” नवं पॅकिंग बसतं, गाडी घरी येते. आणि आठ-पंधरा दिवसांत ओघळ परत त्याच जागी हजर! मालक म्हणतो पॅकिंग डुप्लिकेट निघालं, मेकॅनिक म्हणतो कंपनीचंच टाकलं होतं. दोघंही खरं बोलत असू शकतात. कारण नवं पॅकिंग टाकूनही ऑइल गळतं, तेव्हा दोष बऱ्याचदा पॅकिंगमध्ये नसतोच. तो असतो ते ज्या पृष्ठभागावर बसतं त्यात, बोल्ट आवळणाऱ्या हातात किंवा इंजिनच्या आत कोंडलेल्या दाबात.

हे झाकण नेमकं करतं काय?

इंजिनच्या सगळ्यात वर हेड असतं. त्यात व्हॉल्व्ह आणि ते उघडझाप करणारे कॅमशाफ्ट किंवा रॉकर फिरत असतात. त्यांना सतत ऑइल लागतं. पंप ते वर पोहोचवतो, तिथे ते उडतं, ठिबकतं आणि वाट काढत परत खाली चेंबरमध्ये जातं. हे उडणारं ऑइल बाहेर येऊ नये आणि बाहेरची धूळ आत जाऊ नये म्हणून वरून एक झाकण असतं. कुणी त्याला टॅपेट कव्हर म्हणतं, कुणी हेड कव्हर, कुणी व्हॉल्व्ह कव्हर. झाकण आणि हेड यांच्यामधली सीलची पट्टी म्हणजे पॅकिंग, अर्थात गास्केट.

इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा. ऑइलचा पंप दाबाने ऑइल ढकलतो हे खरं, पण तो दाब आतल्या बारीक वाटांमध्ये असतो. झाकणाच्या सांध्यावर फक्त शिंतोडे आणि वाफ येते. हेड गास्केटसारखं प्रचंड दाब अडवण्याचं काम या पॅकिंगला नाही. म्हणून ते मऊ असतं आणि त्याचे बोल्टही करंगळीएवढे असतात. ‘करकचून आवळलं की गळणार नाही’ हा हिशेब इथे चुकतो तो यामुळेच.

जुन्या ट्रॅक्टरवर आणि पाण्याच्या डिझेल इंजिनांवर कॉर्कचं पॅकिंग असतं. तालुक्याच्या गॅरेजमध्ये आजही कॉर्क शीट घेऊन हातोडीने कडा ठोकून ते जागेवर कापून देणारे मिस्त्री आहेत, आणि काम नीट केलं तर ते टिकतंही. नव्या गाड्यांना साच्यातून काढलेलं रबर किंवा सिलिकॉनचं पॅकिंग असतं, ते झाकणाच्या खाचेत बसतं. काही इंजिनांना पॅकिंगच नसतं, ट्यूबमधून पिळून लावायचं लिक्विड गास्केट असतं. बाइकचा मामला आणखी छोटा. स्प्लेंडरसारख्या इंजिनाला दोन गोल टॅपेट कॅप असतात आणि आत ओ-रिंग.

रोज तापून-गार होऊन रबर कडक पडतं. काढताना ते पापडासारखं मोडलं तर समजायचं की त्याचं वय झालं होतं. कॉर्क सुकून आकसतं. इथवर पॅकिंगचा दोष आहे. पुढचा माणसांचा.

पहिला संशयित : जास्त आवळलेले बोल्ट

बऱ्याच इंजिनांमध्ये टॅपेट कव्हरचे बोल्ट सहा मिलिमीटरचे असतात आणि त्यांना दहा नंबरचा पाना लागतो. त्यांना साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. नेमका आकडा त्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच पाळायचा. पण १० न्यूटन-मीटर म्हणजे हाताला किती? वीतभर, म्हणजे २० सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला पाच किलो कांद्याची पिशवी टांगली तर जेवढा जोर पडेल तेवढाच. तुलनेसाठी, कारच्या चाकाच्या नटाला याच्या दहापट जोर लागतो. चाकं खोलणाऱ्या हाताने त्याच सवयीने टॅपेट कव्हर आवळलं तर काय होईल, सांगायला नको.

जास्त आवळलं की कॉर्क चिरडून बाहेर येतं, रबर खाचेतून सरकतं, प्लास्टिकचं कव्हर बोल्टपाशी वाकतं. जुन्या ट्रॅक्टरच्या पत्र्याच्या कव्हरचं तर ठरलेलं आहे. बोल्टच्या भोकाभोवतीचा पत्रा खाली दबतो, दोन बोल्टच्या मधला भाग वर उचलला जातो आणि ऑइल तिथून पाझरतं. ते पाहून अजून आवळलं की फट अजून वाढते. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे निघाले तर मग हेलिकॉइल टाकायचं वेगळं काम आणि वेगळा खर्च.

शिरूर तालुक्यातच रांजणगाव एमआयडीसीत टाटा-फियाटचा कारखाना आहे आणि तिथे इंजिनंही बनतात. आधुनिक इंजिन कारखान्यांत असे बोल्ट माणसाच्या अंदाजावर सोडत नाहीत. ठरलेला टॉर्क आला की हत्यार आपोआप थांबतं. गॅरेजमध्ये हेच काम टॉर्क पाना करतो. मात्र हेड बोल्टसाठी ठेवलेला मोठा टॉर्क पाना इथे उपयोगाचा नाही. त्याची सुरुवातच बहुतेक वेळा या बोल्टच्या मर्यादेच्या खूप पुढे होते. ५ ते २५ न्यूटन-मीटरच्या आसपासचा लहान टॉर्क पाना हवा.

क्रमही महत्त्वाचा. मधल्या बोल्टपासून सुरू करून आलटून पालटून बाहेरच्या टोकांकडे जायचं. आधी सगळे बोल्ट हाताने टेकवायचे, मग निम्म्या जोराने एक फेरी, मग पूर्ण टॉर्कने दुसरी. एका टोकापासून एकेक बोल्ट पूर्ण आवळत गेलं तर पॅकिंग दुसऱ्या टोकाला सरकत जातं. आणि हे सगळं इंजिन गार असताना. गरम इंजिनवर झाकण खोलणं-लावणं म्हणजे हातही भाजणार आणि झाकणही वाकण्याची भीती.

काही बोल्टना मध्येच खांदा असतो. असा बोल्ट ठरावीक खोलीला टेकतो आणि थांबतो. दाब देण्याचं काम त्याच्याखालचा रबरी वॉशर करतो. पॅकिंग नवं टाकून हे चपटे झालेले वॉशर जुनेच ठेवले तर बोल्ट टेकतो, पण झाकण दाबलं जात नाही. आवळणाऱ्याला वाटतं घट्ट झालं, आणि ऑइल आपल्या वाटेने निघून जातं. नवं पॅकिंग घेताना वॉशर आणि स्पार्क प्लगच्या नळ्यांची सीलं त्याच किटमध्ये आहेत का, हे दुकानातच विचारायचं. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या बाजारातून मागवलं तरी गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिनचा प्रकार सांगूनच. ‘थोडंसं वेगळं आहे, पण बसेल’ असं पॅकिंग बसतं आणि गळतं.

दुसरा संशयित : जुनी घाण आणि नको तिथे अनाबॉण्ड

जुनं पॅकिंग उपटलं, चिंधीने पुसलं, नवं लावलं. घाईतलं काम असंच होतं. पण जुन्या सिलिकॉनचा केसाएवढा तुकडा किंवा ऑइलचा पातळ थरही नव्या पॅकिंगला नीट बसू देत नाही. हेडची कड आणि कव्हरची खाच, दोन्ही पूर्ण स्वच्छ आणि कोरडी हवी. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं, ब्रेक क्लीनर फडक्यावर मारून पुसायचं, सुकू द्यायचं. ॲल्युमिनियमवर पॉलिश पेपर किंवा ग्राइंडरची चकती फिरवायची नाही. पृष्ठभागावर ओरखडे पडतात, आणि त्यातून निघालेली बारीक पूड ऑइलमध्ये मिसळून बेअरिंगांपर्यंत जाते. खरवडताना आतली ऑइलची भोकं स्वच्छ, धागे न सोडणाऱ्या कपड्याने झाकायची आणि काम झाल्यावर तो कपडा आठवणीने काढायचा. उसाच्या रस्त्यांवरची धूळ बॉनेटखाली थरांनी बसलेली असते. त्यामुळे झाकण खोलण्याआधीच वरचा भाग हवा मारून साफ केलेला बरा.

आता सगळ्या गॅरेजचा लाडका विषय, सीलंट. ‘अनाबॉण्ड’ हे एका कंपनीचं नाव, पण गॅरेजमध्ये कुठल्याही सीलंटला तेच म्हणतात. नवं पॅकिंग टाकतानाही ‘सेफ्टीसाठी’ सगळीकडून त्याचा पट्टा फिरवायची सवय आहे. खाचेत बसणाऱ्या रबरी पॅकिंगला हे बहुधा नकोच असतं. ओलं सीलंट साबणासारखं काम करतं आणि आवळताना रबर त्यावरून घसरतं. आतल्या बाजूला बाहेर आलेलं सीलंट सुकून तुटलं तर ते ऑइलबरोबर खाली जातं आणि पंपाच्या जाळीत अडकतं. जाळी तुंबली की इंजिनला ऑइल मिळत नाही. काही थेंबांची गळती थांबवताना अख्खं इंजिन घालवण्याचा हा रस्ता आहे.

सीलंट लागतं ते ठरावीक जागी. जिथे टायमिंग चेनचं कव्हर आणि हेड एकमेकांना भेटतात तिथे सांध्याची बारीक पायरी असते. कॅमशाफ्टच्या टोकाशी अर्धचंद्रासारखे कोपरे असतात. अशा जागी छोटा ठिपका द्यायचा, आणि तो कुठे, हे मॅन्युअल सांगतं. गळती पुन्हा सुरू होते तीही बरेचदा याच कोपऱ्यांतून, कारण सरळ कडांवर भरपूर सीलंट लावणारा हात नेमका इथे कोरडा जातो. सीलंट लावल्यावर त्यावर साय धरायच्या आत झाकण बसवायचं. पूर्ण पक्कं व्हायला मात्र बऱ्याच सीलंटना २४ तासांपर्यंत लागतात, ट्यूबवर लिहिलेलं असतं. संध्याकाळी काम झालं आणि रात्रीच कांदा भरून गाडी चाकणला निघाली, तर त्या सीलंटकडून फार अपेक्षा नको. खिडकीच्या काचांना लावायचं, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन तर इंजिनला लावूच नये. त्यातून निघणारं ॲसिड धातूला खातं.

पॅकिंग खाचेत बसवताना आधी कोपरे, मग सरळ भाग. ओढून ताणून बसवायचं नाही, ते नंतर परत आखडतं. कव्हर उलटं करून ठेवताना मागच्या बाजूला पॅकिंग लोंबतंय का, खाली एखादी वायर किंवा पाईप अडकतोय का, हे बोट फिरवून बघायचं. जिथे नजर पोहोचत नाही तिथे मोबाइलचा कॅमेरा पोहोचतो, व्हिडिओ सुरू करून मागे फिरवला की झालं.

कव्हरच वाकलेलं असेल तर कुठलंही पॅकिंग टिकणार नाही. सपाट काचेवर ठेवून कडेखाली फट दिसते का बघायची, किंवा सरळ पट्टी आणि फीलर गेज वापरायचं. पत्र्याचं कव्हर लाकडावर ठेवून हलक्या हातोडीने सपाट करता येतं. प्लास्टिकचं वाकलं, तडकलं तर बदलायचं.

तिसरा संशयित : कोंडलेला दम

सगळं काम मॅन्युअलप्रमाणे केलं आणि तरीही गळतंय? मग पॅकिंग सोडून इंजिनकडे बघायला हवं.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू प्रत्येक इंजिनमध्ये खाली झिरपतो. तो बाहेर पडायला ब्रीदर असतो. कारमध्ये बहुतेक वेळा पीसीव्ही व्हॉल्व्हमार्फत तो परत इंजिनच्या हवेच्या वाटेत सोडला जातो. ही वाट तुंबली की आत दाब साठतो आणि तो सर्वांत मऊ जागा शोधतो. ती जागा म्हणजे टॅपेट कव्हरचं पॅकिंग. ब्रीदरची नळी चिकट गाळाने भरते, चेपते, कधी कुणीतरी ‘ऑइल उडतं’ म्हणून तिला चिंधी कोंबून ठेवतं. शेडमध्ये बरेच महिने उभ्या असलेल्या इंजिनच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घरही केलेलं असू शकतं. पॅकिंग बदलताना ब्रीदर काढून साफ करणं हे दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, पण तेच सर्वांत जास्त राहून जातं.

दुसरी शक्यता जड खर्चाची. रिंगा आणि लायनर झिजले की इतका वायू खाली येतो की चांगला ब्रीदरही कमी पडतो. गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘बॅक कॉम्प्रेशन’ मारतंय. गरम इंजिन आयडलिंगला ठेवून ऑइल भरायचं झाकण जपून सैल केलं आणि तिथून धूर भकभक यायला लागला तर संशय पक्का. थोडी वाफ चालते, बऱ्याच डिझेल इंजिनांत ती असतेच. पण खरंच बॅक कॉम्प्रेशन असेल तर तिसरं, चौथं पॅकिंग टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी कॉम्प्रेशन तपासून घ्यायचं.

पट्टीवर खुणेच्या वर ऑइल भरलेलं असेल तरी त्रास होतो. ‘थोडं जास्त असू दे’ हा उदारपणा इंजिनला मानवत नाही.

गळतंय तरी कुठून?

हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारायचा. ऑइल वरून खाली वाहतं आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे उडतं, म्हणून ओला भाग आणि गळणारी जागा एकच असेल असं नाही. ऑइल भरायच्या झाकणाचा रबर, ऑइल प्रेशर स्विच, कॅमचं सील, हेड गास्केट, यातलं काहीही टॅपेट कव्हरच्या नावावर खपतं. इंजिन गार असताना बाहेरून स्वच्छ धुऊन कोरडं करायचं, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरायची आणि थोडा वेळ इंजिन चालवायचं. पावडर जिथे आधी ओली होते तिथून सुरुवात.

आणखी एक गोष्ट. पॅकिंग बदलल्यावर पहिले एक-दोन दिवस जळक्या ऑइलचा वास येऊ शकतो, कारण आधी सांडलेलं ऑइल सायलेन्सरच्या वाटेवर जळत असतं. त्याला घाबरून परत बोल्ट आवळायला जायचं नाही. रात्री इंजिनखाली पांढरा पुठ्ठा ठेवायचा, पट्टीवरच्या ऑइलच्या पातळीचा फोटो काढायचा, आणि शंभर-दीडशे किलोमीटरनंतर दोन्ही पुन्हा बघायचं. कॉर्कचं पॅकिंग असेल तर पहिल्यांदा तापून गार झाल्यावर बोल्ट एकदा ठरलेल्या टॉर्कला तपासतात, कारण कॉर्क बसतं. साच्यातल्या रबराला त्याची गरज नसते.

एवढ्याशा थेंबाचं काय घेऊन बसायचं?

बरेच जण तसंच चालवतात. महिन्याला थोडं ऑइल वाढवायचं, विषय संपला. पण कव्हरच्या खाली अनेक इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतो. इंजिन ऑइलची वाफ पेट घ्यायला साधारण २०० अंश सेल्सिअसच्या वरचं तापमान लागतं, आणि भरलेली ट्रॉली ओढताना मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. पेट्रोल गाड्यांत ऑइल स्पार्क प्लगच्या विहिरीत उतरलं तर इंजिन मिसिंग करतं ते वेगळंच.

याचं जगातलं मोठं उदाहरण अमेरिकेतल्या जनरल मोटर्सचं. त्यांच्या ३.८ लिटर व्ही-६ इंजिनमध्ये जोरात ब्रेक मारल्यावर ऑइलचे थेंब व्हॉल्व्ह कव्हरच्या पॅकिंगमधून गरम मॅनिफोल्डवर पडायचे. २००८ आणि २००९ मध्ये कंपनीने या गाड्या परत बोलावून दुरुस्त केल्या. तरीही दुरुस्त झालेल्या तेराशेहून जास्त गाड्यांना आगी लागल्या, त्यातल्या बहुतेक गाडी उभी करून इंजिन बंद केल्यानंतर. शेवटी ऑक्टोबर २०१५ मध्ये सुमारे १४ लाख गाड्या पुन्हा बोलवाव्या लागल्या. १९९७ ते २००४ या काळातली मॉडेल्स होती ती, म्हणजे तोवर चांगलीच जुनी झालेली. कारखाना असलेल्या कंपनीची दुरुस्तीही पहिल्या फटक्यात टिकली नाही, तर तालुक्याच्या गॅरेजला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

गॅरेजमध्ये काय विचारायचं?

गाडी सोडतानाच चार गोष्टी बोलून घ्यायच्या. गळती नक्की कुठून आहे ते धुऊन बघितलं का? ब्रीदर साफ करणार का? वॉशर आणि प्लगची सीलं बदलणार का? सीलंट कुठे लावणार आणि ते सुकायला गाडी किती वेळ ठेवायची? टॉर्क पान्याबद्दल विचारलं तर काही मिस्त्री हसतील. हसू द्यावं, पण विचारावं. जुनं पॅकिंग परत मागून घ्यायचं. ते कुठे चिरडलं, कुठे कडक झालं, यावरून बरंच कळतं. ट्रॅक्टरचं टॅपेट सेटिंग करायचं राहिलं असेल तर झाकण उघडं असतानाच करून घ्यावं, म्हणजे नवं पॅकिंग लगेच परत काढावं लागणार नाही.

बिल घ्यायचं, आणि त्यावर पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यायची. पैसे देऊन करून घेतलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ‘सेवा’ आहे. काम सदोष निघालं आणि गॅरेजने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. अर्थात एका पॅकिंगसाठी तिथवर जायची वेळ क्वचितच येते. गाडी परत नेऊन “धुऊन, पावडर मारून बघू या” म्हटलं तर बहुतेक मिस्त्री स्वतःच टॉर्च घेऊन पुढे येतात.